एक टक्का उजेड

आरेंड झ्विंकेल्स काचेखाली जन्मला आणि काचेसमोर म्हातारा झाला, असे पुल्डाइक गावात म्हणत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. त्याच्या आजोबांनी काचघरात द्राक्षे लावली, वडिलांनी काकड्या, आणि आरेंडने टोमॅटो. पुढे एका बड्या कंपनीने आसपासची काचघरे एकामागून एक विकत घेतली, तेव्हा आरेंडनेही आपले विकले. मुलींना त्यांचा वाटा दिला, छपराची कौले बदलली, आणि पुढच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक टाकी बांधून घेतली. ती एवढी मोठी होती की जेवणाचे टेबल भाचीकडे गेले आणि त्याची बायको आलिडा हिची आरामखुर्ची थेट खिडकीला जाऊन टेकली.

"लोक निवृत्त झाले की फिरायला कारव्हॅन घेतात," आलिडा बहिणीला फोनवर म्हणाली. "यानं समुद्र घेतला. आता समुद्राला सोडून कुठं जाता येत नाही."

टाकीत मासे थोडे होते. खरा मान प्रवाळांचा, आणि प्रवाळांतही एकाचा. ते आरेंडचे नव्हतेच. ते योसचे होते.

योस व्हान डर क्नाप म्हणजे आरेंडचा काचघरापासूनचा शेजारी. याचे टोमॅटो, त्याच्या मिरच्या. मे महिन्यात ऊन कडक झाले की कोवळी रोपे होरपळू नयेत म्हणून काचेवर बाहेरून पातळ चुना फवारतात. त्यासाठी फवारणीचा पंप दोघांनी मिळून घेतला होता, आणि तो पुढच्या वर्षी कोणाच्या शेडमध्ये राहायचा यावरून दरवर्षी न चुकता कुरकुर होई. प्रवाळांचा नाद आरेंडला योसनेच लावला. बायको गेल्यावर योस ज्येष्ठांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. तिथली जमीन टाकीचे वजन पेलणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्याने सगळे वाटून टाकले, फक्त हरणाच्या शिंगांसारखे फुटवे असलेले एक तपकिरी प्रवाळ उरले. त्याचे तुकडे गावच्या मत्स्यालय मंडळातल्या पुष्कळांकडे होते, पण ते एकेक करून मेले होते. हे शेवटचे त्याने भाजी धुवायच्या बादलीत घालून आरेंडकडे आणले.

"रीट होती तेव्हापासूनचं आहे," तो म्हणाला. रीट ही त्याची बायको. "तिला अजिबात आवडायचं नाही. कॉफीचा डाग पडल्यासारखं दिसतं, म्हणायची."

"माझ्याकडे मरणार नाही," आरेंड म्हणाला.

"तसं सगळेच म्हणाले होते."

"मी सगळ्यांतला नाही."

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी योस कॉफीला यायचा. आरेंडशी चार शब्द, आलिडाशी आठ, आणि उरलेला वेळ टाकीसमोर बसून त्या कॉफीच्या डागाकडे बघायचा.

आता दिव्यांचे. पुल्डाइकमधले कॅथलिक आणि शेजारच्या गावातले प्रॉटेस्टंट हल्ली एकमेकांच्या लग्नांना जातात आणि तिथे नाचतातसुद्धा. आलिडाच्या लहानपणी प्रॉटेस्टंटांच्या दुकानातून पाव आणला तरी घरात चर्चा व्हायची. त्यामुळे गावाकडे भांडणाची जी ताकद शिल्लक राहिली होती, ती सगळी मत्स्यालय मंडळाने उचलली. मंडळाची सभा चर्चच्या सभागृहात भरे आणि तिथे तीन टेबले असत. पहिल्यावर ट्यूबवाले बसत. टाकीवर लांब ट्यूबा ओळीने लावाव्यात आणि प्रत्येक ट्यूबमागे तिचा स्वतंत्र, दुमडलेल्या पत्र्याचा रिफ्लेक्टर असावा, हे त्यांचे मत. दुसऱ्यावर हॅलाइडवाले. त्यांचा विश्वास एकाच मोठ्या तळपत्या दिव्यावर आणि त्याच्यामागच्या आरशासारख्या भांड्यावर. तिसरे टेबल नवे होते. तिथे एलईडीवाले तरुण बसत. त्यांना रिफ्लेक्टरच नको होता, आणि म्हणून बाकीच्या दोन्ही टेबलांना ते धर्म बुडवणारे वाटत. कोणी ट्यूब आणि हॅलाइड दोन्ही एकत्र लावले, तर त्याच्या घरी कोणत्या टेबलाने चहाला जायचे हा प्रश्न पडे.

आरेंडच्या टाकीवर योसकडून आलेल्या जुन्या ट्यूबा होत्या. उजेड मवाळ, रिफ्लेक्टरवर मिठाचा थर. प्रवाळे जगत होती, वाढत होती, पण आरेंडला त्यांच्यात काही तेज दिसेना. मंडळाचे गृहपरीक्षण त्याच्या डोक्यात बसले होते. दरवर्षी एक परीक्षक सदस्यांच्या घरी येतो, टाकीसमोर सरळ पाठीच्या खुर्चीवर तासभर बसतो आणि गुण देतो. मागच्या खोलीतल्या छोट्या टाकीवर आरेंड पूर्वी दोनदा तिसरा आला होता. मोठ्या टाकीने पहिला यायचे त्याने ठरवले.

दिवा निवडण्यात एक हिवाळा गेला आणि अर्धा वसंत. आरेंडने सर्व टेबलांवर बसून कॉफी प्यायली. लोकांच्या घरी जाऊन तो टाकीकडे न बघता तिच्या टोपणात डोके घाली. घरी परतल्यावर आलिडाला सांगे की अमक्याचा रिफ्लेक्टर ठोक्याठोक्यांच्या पत्र्याचा आहे, उजेड पसरतो खरा पण तळापर्यंत पोचत नाही, आणि तमक्याचा आरशाचा आहे, तो नेम धरून खाली मारतो.

"आणि त्यांच्या बायका कशा आहेत?" आलिडा विचारी.

"कोणाच्या?"

"ज्यांच्या टोपणात डोकं घालतोस त्यांच्या."

"त्या घरी नव्हत्या," आरेंड प्रामाणिकपणे सांगे. बहुधा त्या असत.

नमुन्याचे रिफ्लेक्टर घरी येऊ लागले. ते जेवणाच्या वेळी टांगून पाहिले जात. आलिडाने एकदा सूप वाढताना वर पाहिले तर पाच ठिकाणी तिचे स्वतःचेच तोंड लोंबकळत होते, आणि पाचही ठिकाणी थकलेले. आरेंड काचघरातला जुना प्रकाशमापक घेऊन स्वयंपाकघरभर फिरे. शेवटी त्याने हॅलाइडचे चार दिवे पसंत केले, आणि त्यांच्यामागे अतिशय चकचकीत, खोल रिफ्लेक्टर. काचघरांना दिवे पुरवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ते आले.

"जास्त नाही का होणार?" योसने एका गुरुवारी विचारले.

आता पुल्डाइकच्या प्रत्येक बागायतदाराला एक नियम पाळण्यात पाजलेला असतो. काचघरात एक टक्का उजेड वाढवा, एक टक्का पीक वाढते. या नियमावर गावातली अर्धी घरे उभी आहेत. आरेंडने तोच ऐकवला.

"ते टोमॅटोचं झालं," योस म्हणाला.

"उजेड तो उजेड. आणि समुद्रात प्रवाळखडकाच्या माथ्यावर जे ऊन पडतं, ते काय कोणी मोजून मापून पाडतं?"

"तिथं ते जन्मापासून उन्हात असतं. माझं दोन दशकं ट्यूबेखाली वाढलंय. निदान हळूहळू तरी वाढव. आधी दिवसाला तासभर लाव."

"हळूहळू हे ज्यांनी आयुष्यात काही पिकवलं नाही त्यांच्यासाठी," आरेंड म्हणाला. गृहपरीक्षण महिन्यावर आले होते, हे मात्र तो बोलला नाही.

सोमवारी दिवे चढले. खोलीत एवढा लखलखाट झाला की समोरच्या घरातली बेप फुले आणायला निघाली होती ती वाटेत थांबली आणि हात डोळ्यांवर धरून बघू लागली. आलिडाच्या आरामखुर्चीत बसून विणता येत नव्हते, कारण सुया चमकत. पण पाण्यावरच्या लाटांच्या सावल्या छतावर नाचू लागल्या तेव्हा तिलाही ते सुंदर वाटले, आणि तसे ती म्हणालीही. आरेंड खुशीत शीळ घालत झोपायला गेला.

पहिला आठवडा संपायच्या आत योसच्या प्रवाळाची टोके फिकट झाली. दुसऱ्या आठवड्यात शेंडे पांढरे, मग फांद्या, मग बुंधा. प्रवाळाच्या अंगात जी बारीक शेवाळे राहतात, ती त्याला रंग देतात आणि पोसतातही. उजेड सोसवला नाही की ती बाहेर टाकली जातात आणि उरतो तो पांढरा सांगाडा, वर पारदर्शक कातडी. हे मंडळातल्या प्रत्येकाला पाठ असते. आरेंडलाही होते. तो दिवसातून दहा वेळा टाकीसमोर उभा राहून म्हणे, "जरा रंग बदलतोय."

"दिवे कमी कर," आलिडा म्हणाली.

"आता कमी केले तर परीक्षणाला सगळं मळकट दिसेल. नंतर करतो."

त्याच आठवड्यात आरेंडचा वाढदिवस होता. नातेवाईक आले, गोल करून खुर्च्यांवर बसले, तिथल्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचे अभिनंदन केले, सासूचेही केले, जावयाचेही केले. मग सगळे टाकीकडे वळले.

"किती स्वच्छ झालंय," आरेंडची बहीण म्हणाली. "आधी हे मधलं किती घाणेरडं होतं."

"नवीन न्हाणीघर केल्यासारखं दिसतंय," मेहुणा म्हणाला. "शुभ्र."

"हे कोणतं रे, चिनी मातीचं का?" आणखी कोणीतरी विचारले.

आरेंडने केक खाल्ला. आलिडाला वाटले, आपल्या घरी कोणी आजारी पडले आहे आणि पाहुणे त्याच्या गालांच्या रंगाचे कौतुक करत आहेत.

योसला गुरुवारी येऊ द्यायचे नाही, हे आरेंडनेच ठरवले. पहिल्या गुरुवारी त्याने सांगितले की बैठकीच्या खोलीत रंगकाम आहे. दुसऱ्या गुरुवारी फोन आलिडाच्या हातात दिला आणि ओठांनी सांगितले, सर्दी. आलिडा शाळेत नन्सपाशी एवढे तरी शिकली होती की खोटे बोलताना आवाज बदलू द्यायचा नाही. "मला सर्दी झालीय, योस. तुला लागेल," ती म्हणाली.

"बरं," योस म्हणाला. मग त्याने विचारले, "कसं काय आहे?"

"आरेंड? बरा आहे."

"आरेंड कशाला बरा नसेल. माझं ते."

"आहे," आलिडा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर आरेंडला म्हणाली, "पुढच्या गुरुवारी मी मरणार नाही. दुसरं काहीतरी शोध."

पुढचा गुरुवार परीक्षणाचाच होता.

आदल्या संध्याकाळी मंडळाकडून फोन आला. टाकीच्या काचेवर बाहेरचा उजेड पडता कामा नये, नाहीतर काचेत खिडकी दिसते आणि परीक्षकाला आत नीट बघता येत नाही. छोटी टाकी मागच्या खोलीत होती तेव्हा हा प्रश्न आला नव्हता. ही मोठी बरोबर पुढच्या खिडकीसमोर.

"पडदे ओढावे लागतील," आरेंड म्हणाला.

आलिडाने त्याच्याकडे पाहिले. तिच्या लग्नापासून पुढच्या खिडकीचे पडदे ओढलेले नव्हते. ते होते, दर वसंतात धुतले जात, इस्त्री होत आणि पुन्हा दोन्ही बाजूंना जागच्या जागी बांधले जात. त्या गावात सगळ्यांच्याच खिडक्या रात्रंदिवस उघड्या. येणाऱ्याजाणाऱ्याला आतली कॉफीची भांडी, झाडाच्या कुंड्या, घरातली माणसे सरळ दिसत, आणि लपवण्यासारखे काही नाही हे त्यातून आपोआप कळे. पडदे फक्त एकाच वेळी ओढत, घरात कोणी गेले की.

"दिवसाढवळ्या?" ती म्हणाली.

"तासभर तर."

"लोक काय म्हणतील ते तुला माहितीय."

"लोकांना सांगू, परीक्षण होतं."

"कोणाला सांगशील? दारोदार जाऊन?"

पण सकाळी दहाला तिने पडदे ओढले. वर्षानुवर्षे न हललेल्या कड्या गजावरून कुरकुरत सरकल्या. त्याच वेळी दारात एक करडी गाडी थांबली आणि काळा कोट घातलेले, हातात काळी चामडी बॅग घेतलेले एक उंच, गंभीर गृहस्थ उतरले. ते परीक्षक मेनेर, म्हणजे श्रीयुत, बोव्हेनकाम्प होते. समोरच्या खिडकीतून बेपने आधी पडदे पाहिले, मग ते गृहस्थ पाहिले, आणि केक ओव्हनमधून काढला. तो तिच्या नातवंडांसाठी होता, पण आता त्याचा उपयोग बदलला.

मेनेर बोव्हेनकाम्प सरळ पाठीच्या खुर्चीवर बसले. एका हातात गुणपत्रिका, एका हातात पेन्सिल. नियमाप्रमाणे परीक्षण चालू असताना टाकीला कोणी हात लावायचा नाही आणि मालकाने बोलायचे नाही. अंधाऱ्या खोलीत टाकी नाटकाच्या रंगमंचासारखी झळकत होती. परीक्षक मधल्या पांढऱ्या शिंगांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी काहीतरी लिहिले. आरेंडने मान लांब करून बघायचा प्रयत्न केला.

बेल वाजली. आलिडाने दार उघडले. बेप केक घेऊन उभी होती, डोळे लाल. तिच्यामागे तिचा नवरा टून, चर्चला जायचे जाकीट घातलेला.

"अगं आलिडा," बेप म्हणाली आणि तिला मिठी मारली. "कालपर्यंत तर सायकलवर दिसला होता."

"बेप, ऐक..."

पण बेप आत आली होती. खोलीतल्या अंधाराला डोळे सरावायच्या आत तिने पहिला हात दिसला तो धरला. तो परीक्षकांचा होता. "मनापासून सहवेदना," ती म्हणाली. मेनेर बोव्हेनकाम्प सभ्य गृहस्थ होते. नियमात अशा प्रसंगाबद्दल काही नव्हते. ते उठले आणि म्हणाले, "धन्यवाद." टूननेही त्यांचा हात हलवला. मग त्यांच्यामागोमाग पावाच्या दुकानातली मालकीण आली, चर्चच्या गायनवृंदातल्या दोघी आल्या, आणि सगळ्यांनी ओळीने परीक्षकांचे सांत्वन केले, कारण सर्वांत दुःखी तेच दिसत होते.

"किती सुंदर लावलंय," गायनवृंदातली एक टाकीसमोर हात जोडून कुजबुजली. "सगळं पांढरं."

"त्यालाही पांढरंच आवडायचं," दुसरी म्हणाली.

"मला पांढरं आवडत नाही," कोपऱ्यातून आरेंड म्हणाला.

बेपच्या हातून केक पडला नाही, हे तिच्या नंतरच्या हकिकतीत नेहमी येई. ती फक्त खाली बसली, आलिडाच्या आरामखुर्चीत. टूनने आरेंडला आपादमस्तक पाहिले.

"मग कोण गेलं?" त्याने विचारले.

ह्या प्रश्नाला कोणी उत्तर देण्याच्या आत मागचे दार उघडले. मागच्या दाराने, बेल न वाजवता येणारा एकच माणूस होता. योस ज्येष्ठांच्या इमारतीपासून सायकलवर आला होता, एका पायात बूट आणि एका पायात घरातली चप्पल. त्याला बेपनेच फोन केला होता. तो स्वयंपाकघराच्या दारात धापा टाकत उभा राहिला. त्याला आधी आरेंड दिसला. त्याचा चेहरा जो झाला, तो आलिडाने यापूर्वी एकदाच पाहिला होता, रीट गेली तेव्हा, आणि तेव्हा तो नेमका उलटा पालटला होता.

"तू आहेस," योस म्हणाला.

"आहे."

"गाढवा. वेशीपासून मी तुझ्यासाठी प्रार्थना करत आलो. मधल्या ओळी विसरलो, म्हणून ती परत सुरुवातीपासून म्हटली."

मग त्याची नजर टाकीकडे गेली. गायनवृंदातल्या दोघींनाही कळले की आपले सांत्वनाला येणे चुकले नव्हते, फक्त ज्याचे करायचे तो माणूस चुकला होता. योस हळूहळू टाकीजवळ गेला आणि काचेला नाक लावून उभा राहिला, त्याच्या श्वासाने काचेवर वाफ धरली.

"रंगकाम," तो म्हणाला. "सर्दी."

"सर्दीचं खोटं माझं," आलिडा म्हणाली.

"मला सांगायला हवं होतं," आरेंड म्हणाला. "मला वाटलं, परीक्षण होऊ दे, मग..."

"मेलेलं नाही अजून." योस काचेपासून हलला नाही. "फांदीवर बघ, तोंडं उघडतायत. कातडी आहे. पण तुझ्या या सूर्याखाली अजून दोन दिवस ठेवलंस तर मरेल." मग तो वळला. "आरेंड, मे महिन्यात आपण काचेवर काय मारायचो?"

आरेंडने पांढऱ्या फांद्यांकडे पाहिले.

"तीन पिढ्या काय मारत आलात?"

"चुना," आरेंड म्हणाला, आणि ते म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या काचघराचे पांढरे छप्पर आले असावे, कारण तो टाकीऐवजी छताकडे बघत होता. आयुष्यभर रोपांवरचे ऊन कमी करायला शिडीवर चढलेला हा माणूस बैठकीच्या खोलीत आल्यावर ते विसरला होता.

त्याने स्विचकडे हात नेला.

"मेनेर झ्विंकेल्स," परीक्षक म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच दुःखी होता. "दिवे बंद केलेत तर परीक्षण रद्द होईल. आत्तापर्यंतचे गुण, मी सांगू नये, पण बरे आहेत. अजून वीसच मिनिटं."

आलिडाने नवऱ्याकडे पाहिले. त्याचे बोट स्विचवर होते. मंडळाचे पहिले बक्षीस म्हणजे एक पितळी मासा, लाकडी फळीवर बसवलेला. त्याच्यासाठी फडताळावर जागा करून ठेवली होती.

"रद्द करा," आरेंड म्हणाला, आणि दिवे बंद केले.

खोलीत काळोख झाला. त्या काळोखात टून म्हणाला, "आता केक खायला हरकत नाही ना?" आलिडाने पडदे सर्रकन बाजूला ओढले. बाहेर, फुटपाथवर, आणखी सात-आठ जण उभे होते, पैकी दोघांच्या हातात फुले. आतले सगळे त्यांना दिसले, आरेंडसुद्धा, शिडी शोधताना.

फवारणीचा पंप ठेवायची त्या वर्षी योसची पाळी होती, पण योसकडे शेड नव्हती म्हणून तो आरेंडच्याच शेडमध्ये सापडला. तळाशी सुकलेल्या चुन्याचा गठ्ठा होता. तो गरम पाण्यात कालवून आरेंडने दिव्यांपुढच्या काचांना पातळ हात दिला. योस खालून सांगत होता, "अजून. अजून. बस, पुरे." मेनेर बोव्हेनकाम्प केकचा दुसरा तुकडा खात हे बघत होते. गुणपत्रिकेवर प्रकाशयोजनेच्या रकान्यात त्यांनी जे लिहिले ते नंतर टपालाने आले. "परीक्षकाच्या उपस्थितीत चुना लावण्यात आला."

त्या वर्षीचा पितळी मासा एलईडीच्या टेबलाकडे गेला.

शरद ऋतूत मंडळाने आरेंडला व्याख्यानाला बोलावले. विषय होता मोठ्या टाकीचा दिवा आणि रिफ्लेक्टर कसा निवडावा. आरेंड उभा राहिला, म्हणाला की कोणताही निवडा, मग काचेला चुना लावा आणि आठवड्याला थोडा थोडा पुसा, आणि बसला. पुढच्या सभेला चर्चच्या सभागृहात चौथे टेबल लागलेले होते. तिथे चारजण बसले होते आणि चुन्यात पाणी किती घालावे यावर त्यांचे एकमेकांशी पटत नव्हते.

पडदे पुन्हा दोन्ही बाजूंना बांधले गेले. तरी बेप अजून सकाळी पहिल्यांदा तिकडे बघते आणि मगच स्वतःची कॉफी ओतते.

योसचे प्रवाळ बुंध्यापासून पुन्हा रंगू लागले, आधी पिवळट, मग मळके, मग कॉफीच्या डागासारखे. एका फांदीने जीव सोडला, तिच्यावर आता हिरवट शेवाळ आहे. योस गुरुवारी येतो. बूट दारात काढतो, आरेंडशी दोन शब्द बोलतो, सर्दीची चौकशी आलिडाकडे न चुकता करतो आणि टाकीसमोर बसतो.

"कसं वाटतंय?" आरेंडने परवा विचारले.

योसने बराच वेळ पाहिले. "रीटला आवडलं नसतं," तो म्हणाला, आणि कॉफीचा कप पुढे केला.